कागदापुरती वाटणी

डिंडोली, सुरत
१२ ऑगस्ट १९९५

ती. सुवर्णाअक्का,

पाया पडतो. राख्या वेळेवर मिळाल्या. तुझ्या नावाने माझ्या पोरीने, वर्षीने, दोघांच्या हाताला बांधल्या, आणि दीपक लगेच म्हणाला की अक्काने माझी जास्त चमकदार पाठवली आहे. लग्न होऊन वर्ष झालं तरी त्याचं पोरपण जात नाही. त्याची गायत्री मात्र शहाणी आहे. आमची तारा आणि ती मिळून स्वयंपाक करतात, भांडण अजून तरी ऐकलं नाही.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. आपल्या गाळ्याचं काम तू मागच्या खेपेला पाहिलंस. लूमवरून साडी उतरते तेव्हा तिच्यावर तेलाचे डाग असतात. दीपक स्प्रेच्या बंदुकीने केमिकल फवारून ते उडवतो, पुढे मी आणि दोन बाया प्रेस करून, फॉल लावून, घडी घालून डब्यात भरतो. आता व्यापारी मालासोबतच्या चलनावर साडीची किंमत लिहून माल पाठवायला लागलेत, खराब झाली तर आपल्याकडून वसूल करायला. मी त्या चलनांची वर्षाची बेरीज केली. अक्का, लाखोंचा माल! बापाने जिनिंगमध्ये कापसात जन्म काढला आणि त्याच्या पोराच्या हातून लाखोंच्या साड्या जातात, हे बघायला तो पाहिजे होता.

इथल्या पर्वत पाटिया नाक्यावर छगनभाई म्हणून टॅक्सचं काम बघणारे बसतात. त्यांना मी ही बेरीज मोठ्या तोऱ्यात सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "काशीभाई, तुम्ही तर लिमिट ओलांडून गेलात." एका मर्यादेपर्यंत धंदा असला तर सेल्स टॅक्सचा नंबर घ्यावा लागत नाही. त्याच्या वर गेलं की नंबर घ्या, पावत्या ठेवा, ठरल्या वेळेला हिशेब भरा. एक आकडा चुकला की दंड, आणि साहेब कधीही येऊन कपाट उघडायला लावणार. मी दहावी नापास माणूस. इंग्रजी कागद दिसला तरी हाताला घाम सुटतो.

छगनभाईंनीच वाट काढली. एका धंद्याचे दोन करायचे, अर्धा माझ्या नावावर, अर्धा दीपकच्या. मग दोघंही मर्यादेच्या आत. पण साहेब काही आंधळा नाही. त्याला दिसलं पाहिजे की हे भाऊ खरोखर वेगळे झालेत. त्यासाठी वाटणीचा कागद पाहिजे, तोही मागच्या तारखेचा. गाळ्यात मधोमध भिंत पाहिजे. घरी चूल वेगळी दिसली पाहिजे. आणि कागदावर साक्षीला मोठी बहीण पाहिजे. आपल्याकडे बहीण समोर बसल्याशिवाय आणि तिला साडी दिल्याशिवाय भावांची वाटणी कोण खरी मानतो? छगनभाई गुजराती, पण त्यांनाही ही रीत माहीत आहे.

हे सगळं फक्त कागदापुरतं. तू एक दिवसाकरता ये. दाजींना नमस्कार.

तुझा
काशिनाथ

---

धरणगाव
२२ ऑगस्ट १९९५

चि. काशिनाथ,

सुखी राहा. तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि 'लाखोंचा माल' आला तिथे थांबून माझ्याकडे बघितलं. लाखोंच्या साड्यांचा मालक झालास, मग बहिणीला दिवाळीला ती पातळ, पहिल्या धुण्यात आटणारी का पाठवलीस रे? असो. बढाई मारायची तुझी खोड जुनीच आहे. तिसरीत नापास झालास तेव्हाही गावभर सांगत होतास की मास्तरांनी तुला मुद्दाम ठेवून घेतलं.

आता थट्टा बाजूला. मला हे आवडलेलं नाही. आई गेली तेव्हा दीपक पाळण्यात होता आणि तू माझा पदर सोडत नव्हतास. मी अकरा वर्षांची पोर, दोघांना एका ताटात जेवायला घालायची, कारण दोन ताटं घासायचा कंटाळा यायचा. त्याच तोंडाने मी चार लोकांसमोर म्हणायचं की माझे भाऊ वायले झाले? आणि तेही जुनी तारीख घालून? अंगणवाडीत मी पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते.

आणखी एक. ज्या नंबराला तू घाबरतोस तो घेऊन मेलेला माणूस मी पाहिला नाही. एकदा त्या कचेरीत जाऊन विचारलंस का? छगनभाईंनी सांगितलं आणि तू ऐकलंस. बाजारात वांगी घेताना चार ठिकाणी भाव विचारतोस तू.

तरी येते. दोघांच्या पोटावर पाय नको म्हणून येते. पण माझी अट आहे. तारा आणि गायत्री दोघींना समोर बसवून सांग की हे नाटक आहे आणि साहेब येऊन गेला की चूल एक होईल. दीपकला तर आधी सांग. तो तुझ्या शब्दाबाहेर नाही, म्हणून त्याला विचारायचंच राहून जातं.

तुझी
अक्का

---

डिंडोली
१७ नोव्हेंबर १९९५

ती. अक्का,

तू आलीस, सही केलीस, आणि गाडीत बसताना रडलीस, ते माझ्या जिवाला लागून राहिलंय. छगनभाई पण म्हणाले, बहीण खरं रडली म्हणून कागदात जीव आला. असं बोलायला नको होतं त्यांनी.

भिंत झाली. रस्त्याकडचा भाग माझ्याकडे, कारण व्यापाऱ्यांचे टेम्पो तिथे लागतात आणि ते मला ओळखतात. मागचा भाग दीपकच्या नावाचा. त्याचं फवारणीचं कामच मागे असतं, त्यामुळे त्याला फरक पडला नाही. बाजूच्या बोळात त्याला एक लहान दार पाडून दिलंय. त्या बोळात पिठाची गिरणी आहे, धूळ साड्यांवर बसते, म्हणून तो ते लावून घेतो. पाटी पण वेगळी केली, 'दीपक फिनिशिंग'. पाटी लागली तेव्हा गायत्री नारळ घेऊन आली होती. मी म्हटलं, अगं खोट्या दुकानाला कसला नारळ, तर म्हणाली, "नाव तर खरं आहे ना, दादा."

दिवाळीनंतर सगळ्या गाळ्यांची तपासणी करत सेल्स टॅक्सचे साहेब आपल्याकडेही येऊन गेले. पुढून पाहिलं, बोळातून पाहिलं, भिंतीवर बोटाने टकटक करून पाहिलं. मग घरी आले. गायत्रीच्या खोलीत तिचा स्टोव्ह पेटलेला, ताराच्या खोलीत ताराचा. रेशनकार्डं पण दोन. चहा पिऊन गेले.

चूल सध्या वेगळीच ठेवली आहे. छगनभाई म्हणतात साहेब पुन्हा येऊ शकतात. आणि खरं सांगू का, बायकांनाही ते बरं पडतंय. तारा म्हणते, पहिल्यांदा मला माझ्या मनाने भाजी करता आली. थोडे दिवस जाऊ देत.

तुझी वाटणीची साडी नेसलीस का? यावेळी जाडजूड घेतली होती.

तुझा
काशिनाथ

---

धरणगाव
२० जानेवारी १९९६

चि. काशिनाथ,

तुम्हा सगळ्यांना तिळगूळ. पुडीत वर्षीसाठी हलव्याचे दागिने पण आहेत, जपून उघड.

साडी नेसले नाही आणि नेसणारही नाही. पेटीत तळाशी ठेवली आहे.

आपल्या गावचा धुडकू तिकडून आला होता. तो दिवाळीत तुमच्याकडे फराळाला गेला तर म्हणे दोन खोल्यांत दोन वेळा बसावं लागलं, आणि दोन्हीकडे चिवडा खाऊन त्याचं पोट बिघडलं. त्याने हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. फराळालाही साहेब येणार होता का रे? भाऊ दिवाळीत एकत्र बसले तर कुठल्या कायद्याने नंबर लागतो?

दीपकचं पत्र नाही. पूर्वी तुझ्या पत्राखाली तो दोन ओळी खरडायचा, गायत्रीचा नमस्कार म्हणून स्वतःच लिहायचा. आता तुझ्या पत्राखालची जागा कोरी येते. त्याच्यासाठी वेगळी पुडी पाठवली नाही. मुद्दाम. तूच त्याच्या हातावर तिळगूळ ठेव आणि काय म्हणाला ते मला कळव.

चूल एक कर आता. दोन महिने झाले.

अक्का

---

डिंडोली
६ मे १९९६

ती. अक्का,

उत्तराला उशीर झाला. कामाची लगीनसराई होती. तिळगूळ दिला होता. दीपक "बरं" म्हणाला.

आता जे लिहितो ते लिहायला हात धजत नव्हता. दीपक प्यायला लागलाय.

सुरत ही दारूबंदीची जागा, पण पिणाऱ्याला इथे काय कमी आहे. आधी मला पटलं नाही. पण संध्याकाळी तो गाळ्यातून बाहेर येतो तेव्हा डोळे लाल, अंगाला वास, आणि चालताना पाय फेंगडा पडतो. परवा भर रस्त्यात, चार व्यापाऱ्यांसमोर, सपाट जमिनीवर ठेच लागून पडला. हातातली भारी साड्यांची चळत नाल्यात गेली. भरपाई मी केली, कारण व्यापारी मला ओळखतात, त्याला नाही. रागाने विचारलं तर म्हणतो, डोकं दुखतं. कशामुळे दुखतं ते मला कळत नाही का? सकाळी उठवत नाही त्याला. शर्टाच्या गुंड्या गायत्री लावून देते. तिने इतकं लाडावून ठेवलंय.

मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. तारा म्हणते की बरं झालं वेगळे झालो, नाहीतर त्याची उधळपट्टी आपल्या ताटातून गेली असती. मी तिला गप्प केलं, पण मनात तेच आलं.

अक्का, तो तुझं ऐकतो. तू त्याला चार खडे शब्द लिही. मी लिहिलंय असं सांगू नकोस.

काशिनाथ

---

धरणगाव
१४ मे १९९६

दीपक,

आशीर्वाद लिहायचा होता, लिहवत नाही.

तुझ्याबद्दल जे कानावर आलं ते खरं असेल तर तू आईच्या नावाला काळिमा लावलास. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. गावात दारूने कोणाकोणाची घरं बसली हे तुला बोटावर मोजून दाखवू का? तू त्यांच्या रांगेत जाऊन बसलास. दादा उन्हातान्हात उभा राहून धंदा सांभाळतो आणि तू त्याचा माल नाल्यात टाकतोस. लाज कशी वाटत नाही? तुला मी कडेवर घेऊन वाढवलं ते रस्त्यात झोकांड्या खाताना लोकांनी बघावं म्हणून नाही.

पिणं सोडशील तेव्हाच मला अक्का म्हण.

सुवर्णा

---

डिंडोली
२ जुलै १९९६

अक्का, नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांच्या नावाने आलं. ह्यांनी वाचलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. दोन दिवस जेवले नाहीत. उत्तर लिहा म्हटलं तर पेन धरवेना, बोटांतून खाली पडतो. म्हणून मी लिहिते. माझं शिकणं सातवी, चुकलं तर समजून घ्या.

ते पीत नाहीत. एक थेंब पीत नाहीत. वास दारूचा नाही, केमिकलचा आहे. त्यांच्या केसांना येतो, उशीला येतो. दोन वेळा आंघोळ केली तरी जात नाही. मला आता सातवा महिना आहे, मला त्या वासाने ओकारी होते, म्हणून ते बाहेर ओट्यावर झोपतात. दादांना वाटलं असेल पिऊन पडलेत.

भिंत नव्हती तेव्हा पुढच्या शटरमधून वारा यायचा आणि वास निघून जायचा. आता मागे कोंडी होते. दार उघडलं की गिरणीची धूळ साडीवर बसते आणि साडी परत येते. म्हणून दार लावून दिवसभर फवारतात. आधी डोकं दुखायचं. मग पायाला मुंग्या यायला लागल्या. आता पायातून चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही, अनवाणीच पुढे जातात. मी मागे जाऊन चप्पल उचलून आणते. लोक हसतात.

थंडीतच ते दादांकडे गेले होते. मीच पाठवलं होतं. म्हणाले, दादा, भिंतीला वर एक खिडकी पाडू, हवा येईल. दादा म्हणाले, खिडकी पाडली तर साहेबाला एकच गाळा दिसेल, सगळं केलेलं फुकट जाईल, थोडी कळ काढ. हे आले आणि मला म्हणाले, दादा बरोबर बोलतो.

एकदा मी ताराताईंना म्हटलं, दवाखान्यात न्यायला दादांना सांगा. त्या म्हणाल्या, आता तुमचं वायलं आहे, तुम्ही बघा. त्यांचं काही चुकलं नाही. कागदावर तसंच आहे, आणि कागदावर तुमची सही आहे.

तुम्ही रागावलात त्याचं ह्यांना वाईट वाटलं नाही असं मला सांगतात. मी पाठ केली की पत्र काढून वाचतात.

गायत्री

---

धरणगाव
८ जुलै १९९६

काशिनाथ,

गायत्रीचं पत्र आलं. मी ते अंगणवाडीत वाचलं आणि पोरांना सोडून घरी आले.

एकच विचारते. त्याने खिडकी मागितली होती का? भिंत झाल्यापासून तू मला दोन पत्रं लिहिलीस. त्यात साहेबाने भिंतीवर टकटक केली ते आहे, ताराच्या भाजीचं आहे, साड्या नाल्यात गेल्या ते आहे. खिडकी कुठेच नाही. आणि तो पितो असं लिहायला मात्र तुझा हात धजला. एकदा त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन बघितलं असतंस तर कळलं असतं. भावाच्या इतकंही जवळ जायचं तू सोडलंस.

आणि मी? मी त्याला झोकांड्या खाणारा म्हटलं. माझे हात तुटून पडायला पाहिजे होते. तुझ्यावर ओरडते आहे ते अर्धं माझ्यावरच आहे, पण अर्धं तुझ्यावर आहे, ते तू घे.

हे पत्र मिळेल त्या दिवशी काम बंद कर. त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, स्वतः, हाताला धरून. आणि त्या सेल्स टॅक्सच्या कचेरीत जाऊन सांग, आम्ही एक आहोत, द्या तुमचा नंबर, लावा काय दंड लावायचा तो. माझं मंगळसूत्र मोडून दंड भरू. तुरुंगात घातलं तर मी डबा आणीन.

ह्यांना ताप आहे म्हणून मला निघता येत नाही. रोज एक कार्ड टाक.

सुवर्णा

---

डिंडोली
११ सप्टेंबर १९९६

ती. अक्का,

कार्डांवर मी दवाखान्याचं तेवढं लिहीत होतो. डॉक्टर काय म्हणाले ते तुला कळलंच आहे. कोंदट जागेत त्या केमिकलचा वास घेऊन पायाच्या आणि हाताच्या नसा मेल्यासारख्या झाल्यात. काम बंद, औषध आणि मालिश. चालेल का विचारलं तर म्हणाले, काहींना येतं, काहींना पूर्ण येत नाही, उशीर फार केलात. सध्या दोघांनी धरल्याशिवाय उभा राहत नाही.

कार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं ते आता लिहितो. दवाखान्याची धावपळ कमी झाल्यावर मी सेल्स टॅक्सच्या कचेरीत गेलो. छगनभाईंना न सांगता गेलो. सगळी चलनं, वाटणीचा कागद, सगळं पिशवीत घेतलं होतं. मनाशी ठरवलं होतं की खोटा कागद केला हे आपणच सांगायचं, मग होईल ते होईल. खिडकीपाशी एक वयस्कर साहेब होते. मी बोलायला लागलो आणि मध्येच रडू आलं. त्यांनी आत बोलावून बसवलं, पाणी दिलं. चलनं चाळली. मग विचारलं, "आ साडी तमारी के पारकी?"

म्हटलं, "पारकी, साहेब. व्यापाऱ्याची. आम्ही साफ करून परत देतो."

"तो तमे वेचो छो शुं?"

मी काय विकतो? मग त्यांनीच समजावून सांगितलं. चलनावरची किंमत व्यापाऱ्याच्या साडीची, ती माझ्या धंद्यात धरायचीच नसते. माझी आहे ती मजुरी, आणि मजुरी म्हणजे विक्री नव्हे. विक्री म्हणायची तर फॉल आणि डबे, तेवढेच. त्यांनी पेन्सिलने एका कोपऱ्यात फॉल-डब्यांची बेरीज केली आणि म्हणाले, "भाई, तुम्ही लिमिटच्या जवळपासही नाही. कधीच नव्हता. दोघं मिळूनसुद्धा नाही." वाटणीचा कागद मी पिशवीतून काढलाच नाही.

तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. तू लिहिलं होतंस, कचेरीत जाऊन विचार. लाखोंचा माल म्हणून मीच छगनभाईंसमोर छाती फुगवली. त्यांनी माझ्याच आकड्यावर सगळं रचलं. त्यांना जाऊन विचारलं तर म्हणाले, तुम्ही सांगितलंत तेवढंच मी धरलं. त्यात खोटं काय आहे?

तिथून पायी घरी आलो. दीपक खाटेवर होता, गायत्री त्याच्या पायाला तेल लावत होती. तिचे दिवस भरत आलेत, खाली बसवत नाही तरी बसली होती. तारा माझ्या मागोमाग येऊन दारात उभी राहिली. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं दीपक शिव्या देईल, निदान तोंड फिरवेल. तो ऐकत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. किती महिन्यांनी आलं. म्हणाला, "मंग आते आपण एकच ना, दादा?"

अक्का, मी बोललो नाही.

हो म्हणायला जीभ उचलली होती. तेवढ्यात डोळ्यासमोर त्याचे पाय आले, आयुष्यभराचं औषध आलं, येणारं मूल आलं, वर्षीचं शिक्षण आलं. मागे तारा उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी विचार करत राहिलो. फार वेळ नाही, खरंच फार वेळ नाही. पण गायत्री माझ्याकडे बघत होती. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, दादा. वायलं शे, तेच बरं शे."

त्यानंतर मी म्हटलं की असं कसं, आपण एकच आहोत. दोन-तीनदा म्हटलं. दीपक भिंतीकडे तोंड करून पडला होता. गायत्रीने पुन्हा तेल लावायला घेतलं.

भिंत मी दुसऱ्या दिवशी स्वतः पाडली. आता गाळ्यात भरपूर वारा येतो. फवारायला नवा माणूस ठेवलाय, त्याला तोंडाला बांधायला फडकं देतो आणि दार उघडं ठेवायला लावतो. पण घरी दोघं माझं काही घेत नाहीत. तारा ताट घेऊन गेली तर गायत्री गोड बोलून परत पाठवते. तू ये. तू समजावलंस तर ऐकतील. मी चुकलो, पण मी वाईट माणूस नाही, अक्का, हे तुला तरी माहीत आहे.

तुझा
काशिनाथ

---

धरणगाव
१७ सप्टेंबर १९९६

काशिनाथ,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, ह्यांना वाचायला दिलं नाही.

तू वाईट नाहीस हे मला माहीत आहे. वाईट असतास तर त्या वेळी पटकन हो म्हणाला असतास आणि पुढे केलं नसतंस. तू विचार केलास. माणूस विचार करतोच, संसार आहे तुला. पण तो तुला विचारत नव्हता रे. तो फक्त खात्री करून घेत होता.

खोटा कागद आपण तिघांनी केला. मी सही केली तेव्हा वाटलं होतं की एका सहीने काय होतंय. आता तो कागद फाडलास तरी उपयोग नाही. त्यात लिहिलं होतं ते तुम्ही जगून दाखवलंत.

मी येते आहे, पण समजावायला नाही. येत्या रविवारी ह्यांना घेऊन येते आणि दीपक-गायत्रीला इकडे आणते. गायत्रीचं बाळंतपण माझ्याकडे होईल. ह्यांनी पुढची खोली रिकामी केली आहे. दीपकच्या पायाला इथला एकजण मालिश करतो, बघू. चालला तर चालला, नाही तर बसून अंगणवाडीच्या पोरांना गाणी शिकवील, त्याचा गळा चांगला आहे. त्याची मी अजून माफी मागितलेली नाही. ती पत्रात मागायची नाही, समोर बसून मागायची आहे.

त्यांना आधी सांगू नकोस. गायत्री सामान बांधायला घेईल आणि तिला वाकवत नाही.

आम्ही उधना स्टेशनला उतरून सरळ त्यांच्या खोलीवर जाऊ, आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघू. त्या दिवशी तू गाळ्यावर जा, नेहमीसारखा. दीपकला उचलून डब्यात बसवायला स्टेशनवर हमाल मिळतात. तू येऊ नकोस.

सुवर्णा